तीन दहाचा स्टिकर

बबनरावांनी माझा पास खिडकीतल्या उजेडात धरला. एकदा पासवरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रजिस्टर पुढे सरकवायचं सोडून ते स्वतःकडेच ओढून घेतलं.

“सयाजी तुमीच का?”

“हो. मीच.”

“मग मागं येका गुरवारी आलतं, ते पोरगं कोन हुतं? त्यानं बी सयाजीच लिवलं हुतं.”

मागं म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी. चाकणच्या या पट्ट्यात एकेका गेटमधून दिवसाला शेकडो माणसं आतबाहेर करतात; त्यातला एक चेहरा वर्षभर ध्यानात ठेवणारा वॉचमन नेमका माझ्याच वाट्याला यावा. आमच्या ऑफिसात दोन सयाजी आहेत, असं मी ठोकून दिलं. बबनराव जुन्या महाळुंग्याचे. जिथे ही कंपनी उभी आहे, तिथे त्यांनी लहानपणी गुरं राखलेली. त्यांच्या गळी असलं काही उतरवणं सोपं नव्हतं. “आसतील बापा दोन,” म्हणत त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे केलं, पेनड्राइव्हवरचा नंबर पासवरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवला आणि मला आत सोडलं.  रजिस्टरात स्वतःचंच नाव मी दुसऱ्याचं असल्यासारखं लिहिलं होतं.

हे पेनड्राइव्हचं प्रकरण आधी सांगायला हवं. मी राउटरवाला. कंपन्यांच्या शेडमध्ये भिंतीवर नेटचा जो डबा असतो तो बसवायचा, बिघडला तर बदलायचा, आणि वर्षाकाठी कधीतरी त्याच्या आतला प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो नवा घालायचा. नवा घालायचा म्हणजे मी काही मोठी कर्तबगारी करतो असं नाही. पेनड्राइव्ह खोचायचा आणि डबा एकदा बंद करून चालू करायचा. पुढचं तो स्वतःच बघतो. पेनड्राइव्हमध्ये आपल्यापेक्षा नवीन काही आहे का हे तपासतो, असलं तर आपणहून उतरवून घेतो. चार मिनिटं पिवळा दिवा लुकलुकतो, मग हिरवा लागतो. त्या चार मिनिटांत वीज गेली तर डबा कायमचा मेला समजायचं. हिरवा लागला की वर एक पांढरा स्टिकर चिकटवायचा, त्यावर पेनने तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. पुढे डब्याला काही झालं तर जबाबदारी त्या अक्षराची. बायकोला हे सगळं एकदा समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तुम्ही फक्त स्टिकर लावता. तिचं काही चुकलं नव्हतं.

हे काम गुरुवारी चालतं, कारण गुरुवार हा आमच्या भागातला रविवार. कारखान्यांना सुट्टी, मशीन बंद, तासभर नेट गेलं तरी कुणाची ओरड नाही. ऑफिसात हे काम करणारे आम्ही दोघं होतो, मी आणि धनेश. एक गुरुवार त्याचा, एक माझा. पेनड्राइव्हला कंपन्या चोरासारखं वागवतात, त्यामुळे ज्या गेटचा पास ज्याच्या नावावर, त्यानेच तो आत न्यायचा. या गेटचा पास माझ्या नावावर होता.

धनेश औशाकडचा. काळेवाडीत माझ्याच गल्लीत राहायचा, आई कौशल्याबाई आणि बायको विजयश्री यांच्यासोबत. कामात नको इतका चोख. ती चार मिनिटं मी मोबाइल बघण्यात घालवायचो; हा गडी कुणी येऊन उपटू नये म्हणून प्लगवर हात ठेवून उभा राहायचा आणि दिव्याबरोबर तोंडाने आकडे मोजायचा. स्टिकरवर आम्ही तारीख लिहायचो, तो वेळही लिहायचा. कशाला रे हे, असं विचारलं की हसायचा आणि म्हणायचा, असू दे की, कुणाला तरी लागतं कधीतरी.

अकरा महिन्यांपूर्वीचा तो गुरुवार माझा होता. आणि त्याच दिवशी आमच्या टीमची टेनिस बॉलची मॅच होती. सकाळी चहाच्या टपरीवर मी धनेशला गळ घातली. माझ्या जागी जाऊन ये, पास घेऊन जा, सही माझ्याच नावाने ठोक, फोटो असाही काळाठिक्कर आलाय, कोण बघतंय. त्याला संध्याकाळी पाचला विजयश्री वहिनीला घेऊन दापोडीला जायचं होतं, तिच्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, चार-साडेचारपर्यंत येतो. मी वर आणखी बजावलं, की कुणाला बोलू नकोस, वहिनीलाही नको, गोष्ट फुटली तर पास जाईल माझा. तो बरं म्हणाला. त्याचं बरं म्हणजे दगडावरची रेघ असायची.

मॅचमध्ये मी अकरा धावा केल्या.

चारला दहा कमी असताना तळेगाव रोडवर एका कंटेनरने त्याच्या गाडीला मागून उडवलं. त्याच्या मोबाइलवर शेवटचा कॉल माझा होता, म्हणून फोन मला आला आणि दवाखान्यात मीच पहिला पोचलो. तिथल्या सिस्टरने एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, रुमाल. आणि माझा पास, आणि पेनड्राइव्ह. विजयश्री वहिनी जिना चढून वर येत होती. ती पोचायच्या आत मी शेवटच्या दोन वस्तू काढून खिशात टाकल्या. विचार करायलासुद्धा मी थांबलो नाही. तेच अजून मनाला खातं.

जिन्यात वहिनीशी एका शब्दाचं खोटं बोललो, तेवढंच; पुढचं सगळं आपोआप झालं. ऑफिसने सांगितलं, त्या गुरुवारी धनेशला सुट्टी होती, ड्युटी सयाजीची होती आणि गेटच्या रजिस्टरात सयाजीची सही आहे. मग बायकोला ‘कंपनीत काम आलंय’ असं सांगून हा माणूस तळेगाव रोडला कशाला गेला होता? त्या रोडला ढाबे आहेत, लॉज आहेत. कुणीतरी काहीतरी बोललं, गावाहून आलेल्या वहिनीच्या थोरल्या दिराने ते उचललं, आणि दहाव्यापर्यंत साऱ्या भावकीत ते पसरलं. वहिनीने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. बारशाची साडी नेसून ती पाच वाजेपर्यंत दारात उभी होती, हे मात्र गल्लीने पाहिलं होतं. धनेशचा मोठा करून आणलेला फोटो तिने भिंतीला लावू दिला नाही. तो कपाटावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध होतं, आणि ‘त्याला मी बसणार नाही’ असं तिने सासूला सांगून टाकलं होतं.

कागदावर त्या दिवशी तिथे मी होतो. त्या गेटमधून मी बाहेर पडलो होतो, त्या रस्त्याला मी लागलो होतो. हे एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. गाडी चालवताना मागून मोठं वाहन आलं की मी अजूनही कडेला घेऊन थांबतो आणि ते जाईपर्यंत मान वर करत नाही. वर्षभर मी या कंपनीचं काम काही ना काही सबब सांगून टाळत आलो होतो. पण आज सकाळी रणजीत सरांनी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांनी, फर्मान काढलं. पुढच्या महिन्यापासून फर्मवेअर नेटवरूनच परस्पर येणार, पेनड्राइव्हची ही शेवटची फेरी. जुने स्टिकर सगळे खरवडून टाकायचे, डबे पुसायचे आणि छापील पट्टी लावायची. पास माझा असल्यामुळे जाणंही मलाच भाग होतं.

भर दुपारी बंद कारखान्यात शिरणं मला कधीच आवडलेलं नाही. मशीनवर कुणाचे तरी हातमोजे काढून ठेवलेले, बोटं अजून वाकलेली. अर्धवट भरलेले ट्रे. पत्र्यात कबुतरं फडफडली की आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. माझ्या बुटांचा आवाज माझ्या थोडा मागून येतोय असं वाटत होतं, म्हणून मी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा तोही थांबला.

डबा कॉम्प्रेसर रूमच्या कोपऱ्यात, वर होता. स्टूल ओढून मी चढलो. धुळीचा थर बोटाने पुसला, आणि खालून स्टिकर वर आला. त्या गुरुवारची तारीख. खाली ‘ध.’ आणि त्याच्यापुढे, त्याच्या त्या शाळकरी वळणदार अक्षरात, ३:१०.

गेटवर त्याने माझं नाव लिहिलं होतं, कारण मी तसं सांगितलं होतं. इथे कुणी बघणारं नव्हतं, इथे त्याने स्वतःचं अक्षर लिहिलं. डबा पुढे मेला असता तर बोल मला लागू नये, एवढाच त्याचा हिशोब असणार. मी स्टुलावर उभ्या उभ्या रडलो. बंद कंपनीत रडायची एक सोय असते.

मग मी पेनड्राइव्ह खोचला. तोच पेनड्राइव्ह, त्या दिवशी त्याच्या खिशात असलेला. त्याच्या टोपणावर एक लांब ओरखडा आहे, तो रस्त्याचा. डबा बंद करून चालू केला. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मोबाइल काढायची इच्छा झाली नाही. माझा हात आपोआप प्लगवर गेला आणि मी मोजायला लागलो. साठेकच्या पुढे माझ्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळतोय असं वाटलं, अगदी कानाशी, धीम्या लयीतला. खोलीत कुठेतरी हवेची नळी फुसफुसत असेल, तिचाही आवाज असू शकतो. मागे वळून खात्री करून घ्यायची माझी छाती झाली नाही. धनेशचे आकडे दोनशे अडतीसला संपायचे, हे मला त्याच्या तोंडून ऐकून पाठ होतं. दोनशे अडतीसला हिरवा दिवा लागला आणि तो आवाजही थांबला.

स्टिकर खरवडायचा हुकूम होता. मी नखाने एक कोपरा सोडवला आणि श्वास धरून तो हळूहळू उचलत गेलो. अख्खा निघाला. पासच्या मागच्या गुळगुळीत प्लास्टिकवर मी तो चिकटवला. छापील पट्टी लावली आणि खाली उतरलो.

गेटवर बबनरावांनी रजिस्टर पुढे केलं. मी बाहेर जायची वेळ लिहिली, पेन खाली ठेवला आणि म्हणालो, मामा, ऑफिसात दोन सयाजी नाहीत. तो धनेश होता, माझ्या नावावर आला होता. इथून निघाला आणि पंचवीस मिनिटांत तळेगाव रोडला अपघातात गेला.

बबनरावांनी रजिस्टर मिटलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“मी त्येला च्या घ्या म्हनलं हुतं,” ते म्हणाले. “तर म्हनला, न्हाई मामा, बायकूला बारशाला न्यायचंय. ती नटून बसली आसंल. आसा हासत गेला बघा.”

मी तिथल्याच बाकावर बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. कुणी विचारायला आलं तर मी हे सांगीन, असं ते आपणहून म्हणाले. दुसऱ्याच्या पासवर माणूस आत सोडला म्हणून त्यांनाही बोलणी बसणार होती, हे त्यांना कळत होतं. ऑफिसला जायचं सोडून मी गाडी सरळ काळेवाडीकडे वळवली.

चार वाजत आले होते. विजयश्री वहिनी आता एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला जाते, गुरुवारी तिलाही सुट्टी. ती दुसऱ्या दिवशीच्या ड्रेसला इस्त्री करत होती. कौशल्याबाई उंबऱ्याजवळ मेथी निवडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या, पण मी उभ्यानेच सांगितलं. मॅच, टपरी, वहिनीला सांगू नकोस असं बजावणं, आणि ती पिशवी. पिशवीचं मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा नीट.

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं.

“जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं, भाऊजी. एवढंच होतं का त्यांच्याजवळ, म्हणून.”

“हो.”

“आणि तेराव्याला तुम्ही आमच्या पंगतीला बसलात.”

“हो.”

“अकरा महिने मी त्यांच्याशी भांडतेय. रोज. पोळ्या लाटताना, बसमध्ये, झोपताना. खोटं का बोललात, एवढंच विचारतेय.”

मी पास उलटा करून तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी नेला. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही, पण ती बघतच राहिली. मग मी बबनरावांनी सांगितलेलं तिला सांगितलं, जसंच्या तसं. नटून बसली असेल, म्हणाला होता, हेही. तिने आमच्याकडे पाठ केली. कौशल्याबाईंच्या हातातली मेथी मांडीवर सांडली होती आणि त्या पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुटपुटत होत्या, माझं लेकरू कामावर होतं.

मला वाटलं होतं, वहिनी मला मारेल, घराबाहेर काढेल. दोन्हींसाठी मी तयार होतो. ती वळली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता.

“तुमच्या सरांना फोन लावा. इथं, माझ्यासमोर. स्पीकरवर टाका.”

मी लावला. जे घरात बोललो तेच पुन्हा बोललो, फक्त जरा कमी शब्दांत.  रणजीत सरांनी विचारलं, मी काय बोलतोय ते मला कळतंय ना. गेटवर खोटी सही म्हणजे या पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्या मला पुन्हा आत घेणार नाहीत. कळतंय, म्हणालो. पास आणि पेनड्राइव्ह उद्या जमा कर, ते म्हणाले, बाकीचं मग बघू. त्या बाकीच्यात काय काय येतं हे मला ठाऊक होतं. घरी बायकोला काय सांगायचं, हा विचार तेवढ्यातही मनात येऊन गेला.

वहिनी फोनजवळ वाकली.

“सर, मी धनेशची मिसेस. ते त्या दिवशी तुमच्या कामावर होते. तेवढं मला लिहून हवंय, सही-शिक्क्यानं. मी उद्या यांच्याबरोबर येते.”

सर हो म्हणाले. नाही म्हणायला जागाच तिने ठेवली नव्हती. फोन बंद झाल्यावर तिने मला शांतपणे सांगितलं, की मी तुम्हाला माफ करीन अशा भ्रमात राहू नका. मी म्हणालो, नका करू. आणि खरं सांगायचं तर अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाकडे तरी सरळ बघता आलं.

निघावं म्हणून मी माझी हत्यारांची पिशवी उचलली, तेव्हा कौशल्याबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. स्टुलावर चढायला त्यांना जमेना, म्हणून वहिनीच चढली आणि कपाटावरचा फोटो खाली काढला. काच धुळीने आंधळी झाली होती. कौशल्याबाईंनी ती पदराने पुसली.

“सयाजी, भिताडाला भोक पाडायचं मशीन हाय ना तुझ्या पिशवीत?” त्या म्हणाल्या. “इथं पाड बाबा येक.”

माझ्या पिशवीत ड्रिल होतं, भोकात ठोकायचे गट्टू होते, स्क्रू होते. एवढी वर्षं मी भिंतींवर डबेच बसवत आलोय, भोक पाडायला मला दोन मिनिटं लागली. खाली पडलेली विटेची भुकटी कौशल्याबाईंनी हातानेच गोळा केली. मी फोटो अडकवला. धनेश कुठल्याशा लग्नात काढलेल्या त्या फोटोत कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत हसत होता. वहिनी चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

“डावीकडून थोडा खाली आहे,” ती म्हणाली.

मी सरळ केला. तिने पासच्या पाठीवरचा स्टिकर नखाने सोडवला, तितक्याच सावकाश, आणि फोटोच्या चौकटीला उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लावला. अंगठ्याने दाबून धरला. गोंद आता फारसा उरला नव्हता, म्हणून ती तशीच दाबून उभी राहिली.

काम संपलं की करायची सवय म्हणून माझा हात खिशातल्या कोऱ्या स्टिकरकडे गेला होता. मी हात तसाच रिकामा बाहेर काढला, ड्रिल पिशवीत भरलं आणि चपला घातल्या.